अधांतरी दिसणारे विमान

विमानाचा इतिहास सांगणारी पुस्तके विमान उडाले कसे ते सांगतात. उडणे संपल्यावर त्याला छताखाली टांगण्याची वेळ आली, तेव्हा ते कोणी टांगले, कशाने टांगले आणि ते अजून खाली का आले नाही, याविषयी ती बहुधा मौन पाळतात. आज आम्हांस त्या मौनाविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकून काही मंडळी हसली, हे आम्हांस ठाऊक आहे. वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी व्हावी, कापसाचा भाव व्हावा, मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम व्हावा; विमान टांगण्याचे काय व्याख्यान करावयाचे? परंतु परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशा आमच्या गावांत गणपतीचा मंडप असो की शाळेचे विज्ञान प्रदर्शन असो, आठ-दहा फुटी, कधी पंधरा फुटी विमान डोक्यावर टांगलेले दिसते. खाली शेदोनशे माणसे, त्यांत निम्मी पोरे. आणि ज्या हुकाला ते टांगलेले असते, तो हूक पंख्यासाठी केलेला असतो. यंदा अशीच एक उत्साही मंडळी आमच्या हमाल बांधवांकडे दोर मागावयास आली. दोर दिला, पण त्याबरोबर चार प्रश्नही विचारले. त्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता हा इतिहास हाती लागला.

पूर्वी ही विमाने थर्माकोलची असत. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. बंदी योग्यच होती. पण जेथे थर्माकोलची जागा प्लायवूडने, बांबूने आणि लोखंडी पट्टीने घेतली, तेथे विमानाचे वजन अनेक पटींनी वाढले आणि दोर मात्र पूर्वीचाच राहिला. ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

अधांतरी वस्तूचे नवल आमच्या जिल्ह्याला नवे नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन लेणी आहेत. तेथील एका गुहेत पार्श्वनाथांची मोठी पाषाणमूर्ती आहे. ती एका लहानशा दगडावर तोललेली, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. भाविक तिच्याकडे भक्तीने पाहतात. आम्ही तेथे गेलो तेव्हा हात जोडलेच. पण नजर त्या लहान दगडाकडेही गेली. एवढा भार पेलणारा तो दगड ज्याने जागेवर ठेवला, त्या पाथरवटाला मूर्तीच्या वजनाचा आणि तोलाचा अंदाज किती अचूक असला पाहिजे! डोळ्यांना अधांतरी दिसणारी वस्तू कोठे तरी टेकलेली किंवा बांधलेली असतेच. कारागीर ते ठिकाण ओळखून असतो, प्रेक्षकाला ते दिसत नाही, एवढाच दोघांतला फरक.

विमानाविषयी तर आपली कल्पना फारच जुनी. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात मोठ्या प्रेमाने सांगतात. त्या काळचा भक्कम पुरावा मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. आणि या कथेबरोबर ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दिला. तळपद्यांच्या उद्योगाविषयी आम्हांस आदर आहे. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपटावर नाव नसेल तर मजुरी मिळत नाही, हे आम्हांस पक्के ठाऊक. इतिहासालाही हजेरीपट लागतो.

पडद्यावरचे विमान मात्र हजारोंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ साली आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघेही हाताने काम करणारे कसबी. शेवटी गरुडाच्या आकाराचे विमान तुकोबांना घेऊन वर जाते, तेव्हा तंबूतले प्रेक्षक हात जोडीत, असे जुनी माणसे सांगत. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. सदेह वैकुंठगमनाची कथा श्रद्धेची आहे. पण ती दाखविण्याचे काम सुताराचे, रंगाऱ्याचे, यंत्र फिरविणाऱ्याचे आणि कॅमेरा चालविणाऱ्याचे होते. देखाव्यातील विमान टांगणारी आमची मंडळे या कसब्यांचीच वारसदार होत, म्हणून हा उल्लेख केला.

आता दोराकडे वळू. कारण या इतिहासाचा खरा नायक तोच आहे.

आमच्या भागात विहिरीवर मोट होती तोपर्यंत जड वस्तू लोंबकळती ठेवून वर ओढण्याचे शास्त्र प्रत्येक शेतकऱ्याला येत होते. मोटेचा वरचा जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. भार नाड्यावर, आणि पाणी नेमक्या जागी ओतले जाण्याचे काम सोंदुराचे. मोट हाकणारा सकाळी बैल जुंपण्यापूर्वी नाडा हातांतून सरकवीत तपासून पाही. कोठे तंतू सुटले, कोठे चाकावर घासून दोर बारीक झाला, हे डोळ्यांपेक्षा तळहाताला आधी कळते. हे दोर अंबाडीचे, तागाचे, घायपाताचे असत. आणि ते वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. त्यांच्या वळलेल्या दोरावर गावाचे पाणी वर येई. त्यांच्या वाट्याला काय आले, ते या सभागृहात आम्ही निराळे सांगावयास नको. विजेचे पंप आले, मोट गेली, आणि दोर तपासण्याची ती सवयही मोटेबरोबर गेली. आम्हांस मोटेचे दुःख नाही. बैलांचे आणि माणसांचे हाल कमी झाले. सवयीचे दुःख आहे.

युरोपातही दोराचा नवा अध्याय विहिरीतूनच निघाला. फक्त ती विहीर खाणीची होती. जर्मनीच्या हार्झ डोंगरातील क्लाउस्थाल येथे चांदी-शिशाच्या खोल खाणी होत्या. तागाचा दोर ओलाव्याने कुजे, म्हणून लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीचा दोष असा की, तिची एक कडी तुटली की सगळा भार खाली. शिवाय कडी तुटण्यापूर्वी काही सांगत नाही. तेथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ साली या साखळ्यांना पुनःपुन्हा ताण देऊन पाहिला, आणि एका खेपेला सहज सोसणारा भारही अनेक खेपांनंतर लोखंड सोशीत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. घरातली तार आपण दहा वेळा वाकविली की तुटते, तीच ही गोष्ट. मग १८३४ साली त्याने लोखंडी तारांचा दोर वळविला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. तोही हाताने पीळ देऊन, अगदी आपल्याकडे अंबाडीचा दोर वळतात तसा. या दोरातली एक तार तुटली तर बाकीच्या अकरा भार धरून राहतात, आणि तुटलेल्या तारेचे टोक बाहेर येऊन तपासणाऱ्याच्या हाताला टोचते. म्हणजे हा दोर आधी सूचना देतो. येथे संघटनेचे उदाहरण देण्याचा मोह आम्हांस होतो. पण आजचा विषय तो नव्हे.

दोर कितीही चांगला असला तरी तो तुटेल असे धरून चालावे, हा यापुढचा विचार. एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून वरचा दोर तोडावयास सांगितले. दोर तुटला, आणि दाते असलेल्या पट्ट्यांत खिटी अडकून पाळणा जागीच थांबला. उंच इमारतींतील लिफ्ट लोकांनी स्वीकारली, ती या दुसऱ्या आधारामुळे.

एवढी तयारी झाल्यावर मग विमान आले. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उड्डाण केले. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ हा फ्रेंच गृहस्थ इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला, आणि त्याच वर्षी त्याचे विमान पॅरिसच्या कलाहुन्नरांच्या संग्रहालयात दाखल झाले. हे संग्रहालय एका जुन्या मठाच्या जागेत आहे. मठाच्या चर्चमध्ये, जेथे पूर्वी मेणबत्त्यांची झुंबरे लोंबत असतील, तेथे आज ब्लेरिओचे विमान टांगलेले आहे. त्याच संग्रहालयाच्या मोठ्या जिन्यावर क्लेमां आदेर याचे वटवाघळासारख्या पंखांचे विमान लोंबते. १८९७ साली लष्करापुढे त्याची चाचणी झाली, ती फसली. जमिनीवरून नीट उठू न शकलेले हे विमान दोराच्या आधाराने का होईना, अखेर हवेत गेले.

राइट बंधूंच्या विमानाची कहाणी आणखी निराळी. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने पहिल्या विमानाचा मान दुसऱ्याच्या पदरात टाकावयास घेतला, म्हणून ऑर्व्हिल राइट रागावला आणि १९२८ साली त्याने आपले विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठविले. वीस वर्षे ते परदेशात राहिले. महायुद्धात बॉम्बच्या भयाने तळघरात गेले. ऑर्व्हिल १९४८ च्या जानेवारीत वारला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला, बरोबर पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, ते वॉशिंग्टनच्या दालनात छताला टांगले गेले. पंखांचा विस्तार चाळीस फुटांवर, वजन मात्र अवघे २७४ किलो. शेजारी १९२८ पासून टांगलेले लिंडबर्गचे विमान होते. १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने नेलेले तेच, रिकामे वजन सुमारे ९७५ किलो. २००३ साली शताब्दीच्या निमित्ताने राइटांचे विमान खाली, माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले गेले. पुष्कळ प्रेक्षकांना त्या वेळी प्रथमच त्याच्या तारा, फळ्या आणि कापडावरची शिवण जवळून दिसली असेल. टांगल्याने वस्तूचा मान वाढतो, पण तिची कारागिरी दृष्टीआड होते, असे आमचे मत आहे. देशातले उदाहरण द्यावयाचे तर बंगळूरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. आमच्या शाळांच्या सहली तिकडे गेल्या तर ती जरूर पाहावी.

पण टांगण्याच्या कसबाची खरी कसोटी पाहिली ती डाकोटाने. वॉशिंग्टनचे नवे संग्रहालय १ जुलै १९७६ रोजी उघडले. त्यात प्रवासी वाहतुकीचे एक डाकोटा जातीचे विमान छताला टांगले, वजन सुमारे आठ टन. आमच्या बाजार समितीच्या आवारात क्विंटलच्या पोत्यांची एवढी थप्पी रचली तर ती ऐंशी पोत्यांची होईल. ती थप्पी डोक्यावर लोंबते आहे अशी कल्पना करा. डाकोटा आपल्याला परका नाही. १९४५ साली हैदराबाद संस्थानात निघालेल्या डेक्कन एअरवेजची विमाने डाकोटाच होती, आणि आमचा परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो मुक्त झाला, आणि १९५३ साली ती कंपनीही राष्ट्रीयीकरणात गेली. १९४९ च्या जानेवारीपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे परतत. तीही डाकोटाच. वीस वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालला. नागपूरच्या धावपट्टीवर रात्री दीड-दोनला थैल्या उचलणाऱ्या हमालांचे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आठ टनांचे विमान छताला राहते, त्याचे कारण त्या इमारतीचे छत मुळातच हा भार धरून बांधलेले होते. आधी भार, मग छत. आपल्याकडे उलटा क्रम: छत आहेच, आता त्याला काय टांगता येईल ते पाहू.

आता दोन अपघात सांगतो. पहिला पॅरिसचा, तोही वर सांगितलेल्या संग्रहालयातला. पृथ्वी फिरते हे दाखविण्यासाठी फूकोने १८५१ साली पँथिऑनमध्ये जो लंबक टांगला, त्याचा गोळा पुढे या संग्रहालयात आला होता. ६ एप्रिल २०१० रोजी त्याची तार तुटली. गोळा संगमरवरी फरशीवर आपटला आणि कायमचा बिघडला. माणूस कोणी गेले नाही. दीडशे वर्षांहून जुनी वस्तू, विद्वानांच्या ताब्यात, जगातल्या नामांकित शहरात. पण झुलत राहणारी तार ही रोज थोडी थोडी थकणारी तार असते, हे आल्बर्टने १८२९ साली पाहिलेले सत्य तेथेही चुकले नाही.

दुसरा अपघात फार मोठा. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात मोठ्या दालनावरून जाणारे पूल छताला लोखंडी सळ्यांनी टांगले होते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम चालू असताना एकाखाली एक असलेले दोन पूल कोसळले. ११४ माणसे मेली. चौकशीत जे निघाले ते आपल्या भाषेत सांगतो. विहिरीत दोन पोहरे सोडावयाचे आहेत असे समजा. एकाच लांब दोराला दोन ठिकाणी दोन पोहरे बांधले, तर प्रत्येक गाठीवर एकेका पोहऱ्याचाच भार. पण वरच्या पोहऱ्याच्या कडीत दुसरा दोर अडकवून खालचा पोहरा लोंबकळत सोडला, तर वरच्या गाठीवर दोघांचा भार येतो. दोर तेवढाच, पाणी तेवढेच. गाठीवरचा भार मात्र दुप्पट. त्या हॉटेलात मूळ आराखडा पहिल्या रीतीचा होता. लांब सळी बसविणे गैरसोयीचे म्हणून काम करताना ती दुसऱ्या रीतीने बसविली गेली. मूळ आराखडाही पुरेसा मजबूत नव्हता, असे पुढे दिसून आले. बदल कागदावर आला, सही झाली, हिशेब मात्र कोणी पुन्हा केला नाही. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

सहीवरून आठवले. आमच्या टापूतल्या एका जिनिंगमध्ये, नाव घेत नाही, गाठी उचलण्याच्या चेनपुलीची साखळी तुटून एका मजुराचा पाय कामातून गेला. आम्ही तपासणीची वही मागितली. वही होती, आणि ती अगदी स्वच्छ होती. तीन वर्षांच्या सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच बैठकीत केलेल्या. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हावी असे स्पष्ट सांगितले होते. कामगारांनी अशा कलमांसाठी जगभर किती किंमत मोजली, हे त्या वहीवर सही करणाराला ठाऊक नसावे. आणि हे कलमही कारखान्याच्या कुंपणाच्या आतच चाले. शाळेच्या सभागृहाला आणि उत्सवाच्या मंडपाला ते कधी लागू नव्हतेच. तेथे डोळस माणूस हाच कायदा.

म्हणून आमच्याकडे दोर मागावयास आलेल्या मंडळींना काय सांगितले, तेही येथे सांगून टाकतो. विमान प्लायवूडचे, बारा फुटी. काट्यावर घातले तेव्हा ६० किलो भरले. करणाऱ्यांचा अंदाज २५ चा होता. त्यांनी सभागृहाच्या समोरासमोरच्या भिंतींत दोन खिळे मारून, मध्ये जवळजवळ आडव्या तारेवर ते लोंबकळत ठेवण्याचा बेत केला होता. दोन तारा म्हणजे प्रत्येकीवर ३० किलो, असा त्यांचा हिशेब. तारा सरळ उभ्या असत्या तर तो बरोबर ठरला असता. पण तार आडवीकडे झुकली की ताण वाढतो. जमिनीच्या रेषेशी ३० अंशांचा कोन राहिला तर प्रत्येक तारेवर पूर्ण ६० किलो येतात. १५ अंशच राहिला तर ११६. अंगणात वाळत घालण्याची तार जितकी ताठ ओढावी तितकी ओल्या वाकळेने खुंटी उपटते, हे आपल्या मायबहिणींना कोन न मोजताही कळते.

मग वर पाहिले. सभागृहाला खालून सुंदर पीओपीचे छत. त्यावर फक्त स्वतःचे वजन पेलण्याची ताकद. पंख्याच्या हुकाने किती भार सोसावा हे कोणालाच सांगता येईना, म्हणून तो बाद. पत्र्याच्या शेडमध्ये भार कैचीला द्यावा, तोही जेथे अँगल एकमेकांना मिळतात त्या सांध्याशी. मधल्या मोकळ्या अँगलला किंवा पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला देऊ नये. जुन्या वाड्याची तुळई असेल तर आधी वाळवी पाहावी. हातोडीने ठोकले की पोकळ लाकूड आवाजानेच कळते. येथे सुदैवाने पीओपीच्या वर काँक्रीटच्या तुळया होत्या. गावातल्या एका अभियंत्याला बोलावून जागा ठरविल्या, आणि तुळईभोवती पट्टे घेऊन तीन ठिकाणी आधार केले: दोन पंखांच्या मुळाशी, एक शेपटीशी. तीन यासाठी की दोनावर वस्तू डोलते आणि एकावर ती गरगर फिरते. विमानातही दोर प्लायवूडच्या कातड्याला न बांधता आतल्या लाकडी सांगाड्याला बांधावा लागतो. नाहीतर दोर राहतो, पकड राहते आणि विमान खाली येते.

दोर म्हणून सहा मिलिमीटरचा तारेचा दोर घेतला. असा नवा दोर साधारण दोन टनांच्या आसपास तुटतो. ६० किलोला एवढा कशाला, असे त्यांच्या खजिनदाराने विचारले. माल उचलण्याच्या दोराला पाचपट ताकद धरण्याची रीत आहे. खाली माणसे बसणार असतील तर आम्ही दहापटीखाली जात नाही. शिवाय दोर क्वचितच दगा देतो, दगा देतो तो जोड. तारेच्या दोराचा फास करून क्लिपा आवळताना खोगिरासारखी बाजू भार घेणाऱ्या दोरावर आणि गोल सळीची बाजू मोकळ्या शेपटावर बसली पाहिजे. उलट बसली तर सळी भाराच्या दोरालाच चिरडते. तीन क्लिपांपेक्षा कमी नकोत, आणि भार आल्यावर त्या पुन्हा आवळाव्यात, कारण ताणाने दोर बारीक होतो. फासात लोखंडी थिंबल घालावे. नायलॉनच्या दोरावर आमचा राग नाही, पण गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि उन्हात तो वरून शाबूत दिसत आतून खलास होतो. मुख्य तीन दोरांशिवाय एक चौथा, किंचित सैल दोर वेगळ्या तुळईला बांधला. ओटिसची खिटी ती हीच. सैल म्हणजे बोटभर. हातभर सैल ठेवला तर विमान हातभर पडून हिसका बसतो आणि चौथाही तुटतो.

मंडप असेल तर वाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. विमानाची प्रतिकृती ही अखेर पंखांचीच वस्तू. वावटळ आली की ती उचलली जाते, दोर सैल पडतात, वारा सोडतो आणि ती धपकन खाली येते. म्हणून पंखांची टोके आणि शेपटी बारीक दोरांनी बाजूंनाही ताणून धरावी लागते. सोंदुराचे काम ते हेच. भाद्रपदातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी तर मंडपातले विमान वर ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. देखावा एक दिवस चुकला तर गणपती रागावत नाही.

हे सगळे करावयास चार माणसे आणि अडीच दिवस लागले. दोघे बाजार समितीतले हमाल, एक वेल्डर, एक वायरमन. उद्घाटनाच्या फलकावर विमान बनविणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची नावे होती. खाली ‘टांगणारे’ म्हणून या चौघांची नावे लिहावयास आम्ही सांगितले, तेव्हा जरा कुरबुर झाली. पण मुलांनीच आग्रह धरला आणि नावे लागली. दालनाच्या दारामागे एक वहीही टांगली. रोज सकाळी एका विद्यार्थ्याने शिडी न लावता, खालून, दुर्बिणीने प्रत्येक जोड पाहावयाचा आणि जे दिसले ते लिहावयाचे; ‘ठीक’ हा शब्द लिहावयास मनाई. चौथ्या दिवशी एका मुलीने लिहिले: ‘शेपटीकडची मधली क्लिप कालच्यापेक्षा खाली.’ ती खरोखरच बोटाच्या पेरभर सरकली होती. सभागृह तासभर रिकामे करून ती आवळली.

उतरविण्याविषयी दोन शब्द सांगून संपवितो, कारण त्याची कोणी तयारीच करीत नाही. विसर्जनाच्या किंवा समारोपाच्या रात्री माणसे थकलेली असतात, दिवे अर्धे काढलेले असतात, आणि कोणी तरी सुरी घेऊन शिडीवर चढतो. तीन दोरांतला एक कापला की उरलेल्या दोहोंवर भार विषम येतो, विमान एका अंगाला कलते आणि शिडीला धडकते. शिडीवरचा माणूस त्या वेळी एका हाताने धरून असतो. आमच्या येथे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उतरविले. आधी खालची जागा दोरीने बंद केली, मग चेनपुलीवर भार घेतला, तिन्ही जोड मोकळे झाल्यावर चौथा सोडला, आणि एकही दोर कापला नाही. दोर गुंडाळून, त्याला तारखेची चिठ्ठी बांधून तो शाळेच्या कपाटात ठेवला आहे. क्लिपा तेलात बुडवून वेगळ्या डब्यात.